पाव्हण्याच्या ताटातली पोळी

आमच्याकडं पाव्हण्याला भाकर वाढत न्हाईत. पाव्हणा आला की पोळी. घरात गव्हाचं पीठ नसलं तर शेजारणीकडून वाटीभर आणायचं, पण ताटात पोळीच पडली पायजे. वर तूप, बाजूला भात, सवड असली तर शिरा. भाकर घरच्या माणसाची, ती चुलीपुढं बसून कशीबी मोडून खायची. लहानपणी वाटायचं, पाव्हण्याची लई मजा असती बाई. मंग मीच पाव्हणी झाले, तेबी जन्मल्या घरात, तव्हा समजलं.

नवऱ्यानं मला नांदवलं न्हाई. त्याला दुसरी करायची व्हती, ती त्यानं केली, ह्यापरीस जास्त त्यात सांगण्यासारखं काई न्हाई. पाटोद्याच्या तिकडून भाऊ मला यष्टीत घालून घरी घिऊन आला. आमचं गाव केजच्या अलीकडं, फाट्यावर उतरून चालत जायचं. आई-बाप गेलेले. दारात भावजय तांब्या घिऊन उभी. पायावर पाणी घातलं, डोळ्याला पदर लावला, आन् आत नेऊन घोंगडीवर बसवलं. त्या दिवशी तिनं पोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशीबी पोळ्या. मी उठून चुलीकडं गेले तर माझ्या हातातली काटवट तिनं हळूच काढून घेतली. "तुमी बसा वन्स. कशाला हात भरून घेता?" झाडू घेतला की झाडू काढून घ्यायची, घागर उचलली की घागर. वाईट बोलली असती तर भांडता आलं असतं. ती कधी वाईट बोललीच न्हाई. मी ओसरीवर बसून जेवायची, आन् आतून भावाच्या लेकरांचा चुलीपुढं चाललेला गोंधळ ऐकायची. त्याला मोठा तुकडा, मला बारका, मारीन बरं का एक. मला कुणी बारका तुकडा दिला न्हाई. मी तव्हा असंल सतरा-अठराची. आख्खा दिवस ओसरीवर बसायचं आन् सडकंनं यष्टी गेली की तिचा आवाज विरंपर्यंत ऐकायचा, एवढंच काम.

शेवटी गोदामावशी आली, माझ्या आईची चुलतबहीण. ती माळावरच्या कॉलेजात पोरींच्या बोर्डिंगात सैपाकाला व्हती. माझ्याकडं एकदा बघितलं आन् भावाला म्हणली, "हिला बसवून बसवून माती करचाल. माझ्यासंगं धाड." भाऊ नको म्हणला न्हाई. भावजयीनं जातानाबी पोळ्याच बांधून दिल्या.

बोर्डिंगाचं सैपाकघर म्हंजी लांबलचक पत्र्याची खोली. तीन चुली, भिंत धुरानं काळी, वर एक झरोका आन् त्यातून खाली येणारा उन्हाचा पट्टा, त्यात धूर नाचायचा. सकाळी दोन हातांनी भाकरी थापायचा आवाज सुरू झाला की तो उन्हं वर येईस्तवर थांबायचा न्हाई, थप थप थप, मावशीचा जड, माझा हलका. आज घरोघर गॅस हाय, आन् सुना पोळपाटावर लाटून भाकरी करत्यात. करू द्या. पण तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. टोपल्यात भाकरीची उतरंड, एका पातेल्यात येसरची आमटी, जवसाची चटणी, कधी आंबाडी. पहिल्या दिवशी मावशीनं माझी भाकर उचलली, उजेडात धरली आन् म्हणली, "ही भाकर हाय का बैलाचा खूर? कुणी शिकिवलं गं तुला?" मला इतकं बरं वाटलं. सांगते तुमाला, वर्षभरात मला कुणी असं बोललं नव्हतं.

आता इप्तीचं सांगते, तिच्यासाठीच हे सांगाया बसले.

कॉलेज भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब म्हंजी आमच्या भागातले पुढारी, पांढरी टोपी, मोठी जीप. त्यांनी शहरातल्या मोठ्या कॉलेजासंगं काई बोलणं केलं. बाहेरदेशची पोरं आधी आमच्या माळावर येणार, वर्षभर इंग्रजी आन् गणित पक्कं करणार, मंग शहरातून पेपर येणार. पास झालं की त्या मोठ्या कॉलेजात खरं शिक्षण सुरू. नापास झालं की सरळ आपल्या देशाला वापस. त्याला सगळे "तयारीचं वर्ष" म्हणायचे. पोरं आली ती पलीकडच्या बोर्डिंगात ऱ्हायली, ती मी लांबूनच बघितली. पोरींत एकलीच आली, सुदान देशाची. नाव इब्तिसाम. माझ्या जिभंला ते पेलंना, मी इप्ती केलं. उंच, काळीभोर, गालावर बारकी रेघ, आन् डोक्यावरून घेतलेलं लांब पातळ वस्त्र, आमच्या लुगड्यावानी. जीपमधून उतरली तव्हा आख्खं बोर्डिंग गॅलरीत. भाऊसाहेबांनी स्वतः हार घातला आन् रेक्टरबाईंना म्हणले, "बाई, ही आपली पाव्हणी. काई कमी पडाय नको. गावाची अब्रू हाय."

झालं. तिला पाव्हणी केलं.

बोर्डिंगातल्या पोरींना कामाचे वार लावलेले असायचे. आज हिचा निवडायचा वार, उद्या तिचा पाणी भरायचा. निवडायचं म्हंजी दुपारच्याला पडवीत पोतं उलथायचं, सुपं घ्यायची आन् चौघी-पाचजणींनी खडे काढत बसायचं. सगळा अभ्यास, सगळी भांडणं, सगळ्या चहाड्या तिथंच. इप्तीला वार न्हाई. तिला खोली एकलीला. जेवायला आधी तिला बसवायचं, मोठ्या जेवणघरात, टेबलावर फडकं टाकून. पोळी, तूप, भात, शिरा. ती जेवून उठली की मंग बाकीच्या पोरी भाकरी घिऊन खाली पंगतीला. मी वाढायला जायची. ती मान खाली घालून पोळीचे तुकडे करायची, आन् त्या रिकाम्या जेवणघरात तिच्या वाटीचा आवाज तेवढा यायचा. मला ओसरी आठवायची. पण बोलायचं काय आन् कोणत्या भाषेत?

पोरी तिच्यासंगं चांगल्याच वागायच्या. लई चांगल्या. समोर आली की हसायच्या, बाजूला व्हायच्या, "प्लीज, प्लीज" म्हणायच्या. मंग ती गेली की आपल्यात सुरू. सुमन म्हणून एक पोरगी व्हती, धर्मापुरीकडची, जीभ म्हंजी नुसता विळा. कुणाला सोडायची न्हाई, रेक्टरबाईंची नक्कल बाईंच्या पाठीमागं करायची. तीबी इप्तीपुढं मऊ मऊ. मी एकदा इचारलं, "का गं सुमे, हिला काऊन काई बोलत न्हाईस?" तर म्हणली, "पाव्हणीला कसं बोलायचं गयाक्का? परक्या देशाचं लेकरू."

एका दुपारी मी टोपलं झाकत व्हते. मागं कुणी उभं हाय असं वाटलं. बघते तर इप्ती. ती सैपाकघरात कधी आलेली नव्हती. तिनं हात पुढं केला आन् टोपल्याच्या कडेला पडलेला भाकरीचा मोडका तुकडा उचलला. नाकाला लावला. तशीच उभी ऱ्हायली, डोळे मिटून. मंग तोंडात घातला आन् तिच्या डोळ्यांतून पाणी गळाया लागलं, आवाज न करता. मावशी घाबरली. "अगं पोळी दे तिला, पोळी! वाळकी भाकर खाती, बाई बघतील." इप्तीनं मान हलवली. पिठाच्या डब्यात बोट घातलं, मला दाखवलं, आन् मोडक्या हिंदीत आन् हातांनी सांगितलं. त्यांच्या देशातबी हीच ज्वारी. तिची माय तिचं पीठ आंबवती आन् तव्यावर कागदावानी पातळ पसरती, किसरा म्हणत्यात. रोज तेच खात्यात. आन् आमी तिला इतके महिने गव्हाची पोळी खाऊ घालून पाव्हणचार करत व्हतो.

तव्हापासून ती यायला लागली. चुलीपाशी बसायची. शब्द शिकायची. काई शब्द तर तिचे आन् आमचे एकच निघाले, साबण, किताब, हिसाब, दुनिया. माझा बाप निजामाच्या काळातला, तो परीक्षेला इम्तिहानच म्हणायचा. इप्तीबी इम्तिहान म्हणायची. ती तसं म्हणली की मला बाप आठवायचा, आन् तिला कोण आठवायचं कुणाला ठाऊक. मी तिला कामाला मात्र हात लावू दिला न्हाई. माझ्याबी डोक्यात तेच, पाव्हणी हाय.

सहामाहीला शहरातून पेपर आला, सरावाचा. इप्ती नापास झाली. थोडीथोडकी न्हाई, पार. सगळ्यांना नवल वाटलं. गणिताचे सर तर रोज तिच्या वहीवर "गुड" लिहायचे. मानूस देवमाणूस. बाकीच्या पोरींचं चुकलं की खडू फेकून मारायचे, "डोस्कं घरी ठिवून आली का?" म्हणून वरडायचे. इप्तीचं चुकलं की "ठीक हाय, ठीक हाय" म्हणून फळ्यावर स्वतःच बरोबर करून दाखवायचे. हे मला सुमननं सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी रेक्टरबाईंनी तिला समजावलं, काई हरकत न्हाई, तुझी तब्येत बरी नसंल. सरांनी निरोप धाडला, काई हरकत न्हाई. पोरींनी पाठीवर हात ठिवला. आन् मला सांगितलं, तिच्यासाठी शिरा कर.

मी शिरा घिऊन गेले. खोलीचं दार लोटलेलं. ती खाटेवर बसलेली. वाटी पुढं केली तर तिनं ती हातानं लांब सारली. शिरा फरशीवर. मंग बोलाया लागली, अर्धं आमचं, अर्धं हिंदी, अर्धं तिचं. "सब बोलते ठीक हाय, ठीक हाय! कोई नहीं बोलता, इप्ती, गलत. कोई नहीं! मेरी माय मारती व्हती. बाप चिल्लाता व्हता. इधर सब हसते. मी कोण हाय? कुर्सीवर ठेवलेली... ते..." शब्द सापडंना तिला. भिताडावर देवाचा फोटो असतो तसा हात करून दाखवला, हार घातलेला.

मी खाली बसून शिरा पुसून घेतला.   तिचं मला समजलं, ते मावशीलाबी समजलं नसतं, कारण ओसरीवर मी बसलेली व्हते. मी दारात थांबले आन् म्हणलं, "शिरा सांडला तो कोण पुसणार? तुझा नोकर हाय का कुणी? उद्या दुपारी पडवीत ये. निवडायचा वार तुझा." तोंड जरा वाकडंच करून म्हणलं. 

दुसऱ्या दिवशी ती आली. मी तिच्या पुढ्यात सूप टाकलं.  सूप धरायचं तिला येत व्हतं की हो! आमच्यापरीस झकास पाखडायची, मनगटाचा झटका असा की फोलपट लांब उडायचं. पण खडे काई दिसायचे न्हाईत तिला. मी तिच्या सुपात हात घातला. "हे काय? हे काय? आंधळी हाईस का? हा खडा पोरींच्या दातात गेला तर तुझा बाप येणार हाय का दात बसवाया?"  इप्ती खाली बघत व्हती, तिचे खांदे हलत व्हते. मला वाटलं रडती. ती हसत व्हती. मंग सुमन हसली, आन् म्हणली, "अगं उंटे, सरक तिकडं, सगळा उजेड अडवला." झालं. त्या दिवसापासून ती उंटीण. तिनंबी सुमनला नाव ठिवलं तिच्या भाषेत, काय ते कधी सांगितलं न्हाई, पण घेतलं की स्वतःच खिदळायची.

रेक्टरबाईंना कळायला किती वेळ? तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्या पडवीत येऊन उभ्या. इप्तीच्या डोस्क्यावर कोंडा, वस्त्र कमरंला खोचलेलं. बाईंचं तोंड पांढरं पडलं. "गया! कुणाला विचारून? भाऊसाहेब आले तर काय दाखवू? पाव्हण्या मुलीला धान्य निवडायला लावलं, असं गावभर होईल." मी उभी ऱ्हायले.  इप्तीच म्हणली, सूप न सोडता, "बाई, मी पाव्हणी न्हाई. आज माझा वार हाय." आन् सुमन मागून, "बाई, तिला उठवू नका हो. निवडता निवडता आमी तिच्याकडून गणितं सोडवून घेतो. चुकली की मार खाती. तुमच्या पाव्हण्या खोलीत कुणी मारत न्हाई तिला."

 रेक्टरबाई काई वाईट नव्हत्या, एकल्या जीवाच्या व्हत्या, नोकरीची भीती त्यांनाबी. शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणल्या, "बघ गया. पोरगी पास झाली तर मी काही बघितलं नाही. नापास झाली तर ते कामाला लावल्यामुळंच, असं म्हणणार सगळे. मग तू तुझं बोचकं बांधायचं आणि गावाकडं जायचं. मी वाचवणार नाही."

गावाकडं म्हंजी ओसरी. "तुमी बसा वन्स." मी मान हलवली. मावशी मागाहून मला बडबड बडबड बोलली, लोकाच्या लेकीपायी आपला घास काऊन घालवतीस म्हणून. बोलू दिलं. पण चुलीपुढं बसल्यावर मनात एक गोष्ट फिरायची, ती कुणाला सांगितली न्हाई. ती नापास झाली तर आमी दोघी जाणार, ती तिकडं, मी इकडं. पास झाली तर ती एकली जाणार. कशीबी जाणारच. मंग मी देवापाशी काय मागायचं? मी पास मागितलं. 

उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस ती कॉलेजातून पळत आली. पळत, वस्त्र वाऱ्यावर, चपला हातात. सैपाकघराच्या दारातूनच वरडली, "गयाक्का! सर मला रागावले!" मावशी म्हणली, "अगं मंग रड की, हसती काय?" इप्तीनं सरांचा आवाज काढला, जाड, "डोस्कं घरी ठिवून आली का?" सरांनी खडू फेकला व्हता तिच्याकडं. तो खडूचा तुकडा तिनं मुठीत आणला व्हता, मला दाखवाया. तिच्या काळ्या तळहातावर तो पांढरा तुकडा, जसा काई साखरेचा खडा. मागाहून सुमननं सांगितलं ते असं. पोरी इप्तीला वर्गातबी उंटीण म्हणाया लागल्या, ती फळ्यापाशी चुकली की पाठीमागून हसाया लागल्या, आन् ती उलटून बोलाया लागली. तसं सरबी इसरले, ही पाव्हणी हाय म्हणून.

मंग तिनं जीव काढला अभ्यासात. मी चुलीपुढं, ती लाकडाच्या ओंडक्यावर, तोंडानं पुटपुट चालू. मला त्यातलं काई समजायचं न्हाई. पुटपुट थांबली की मी चिमटा आपटायची, एवढंच माझं. ती भुकेजली की टोपल्यातून भाकर घ्यायची, ठेचा घ्यायची, आन् तिखटानं नाक वढत पुन्हा सुरू. माझ्या हातची भाकर तोवर सुधारली व्हती. तिनं मला तिच्या मायचा किसरा करून दाखवला. आमच्या तव्यावर तो तिसऱ्यांदा चिकटला, तसं मावशी म्हणली, "ह्यो तुमच्या देशाचा लगदा कुत्र्याला घाला." कुत्र्यानं खाल्ला.

पेपर झाले. निकाल शहरातून आला तव्हा मी परसात भांडी घाशीत व्हते. पोरींचा वरडा ऐकू आला. समजलं. राखंनं पातेलं घासत ऱ्हायले, चकचकीत झालं तरी. रेक्टरबाई स्वतः परसात आल्या, माझ्यासमोर उभ्या ऱ्हायल्या आन् नुसतं म्हणल्या, "बोचकं सोड गया." मी कुठं बांधलं व्हतं? पण बाईंना तसं म्हणायचं व्हतं, म्हणू दिलं.

जायच्या दिवशी पुन्हा हार आले. भाऊसाहेबांची जीप आली. रेक्टरबाईंनी गावातल्या सवाष्णींकडून तिची ओटी भरवली, खण, नारळ, तांदूळ. मी नवऱ्यानं टाकलेली, ओटी भरणाऱ्यातली नव्हते, मला कुणी बोलवलं न्हाई, आन् मी गेलेबी न्हाई. पाव्हण्याला यष्टी स्टँडापोतर पोचवायची आमची रीत हाय. सगळं बोर्डिंग निघालं व्हतं, सुमन तर रडून रडून नाक लाल करून. मी चुलीपुढं भाकरी करत बसले. मागं पावलं वाजली. मला तिची पावलं ओळखाया यायची.

"गयाक्का, स्टँडावर चल."

मी वळले न्हाई. हातातली भाकर तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. म्हणलं, "पोचवाया पाव्हण्याला जात्यात. घरचं मानूस बाहेर गेलं तर कुणी पोचवाया जातं का? त्या फडक्यात भाकरी बांधल्यात. वाळायच्या आत खा, न्हाईतर ठिवून देशील येड्यावानी. जा. ये जाऊन."

 तिनं फडकं उचललं. भाकरी मोजून घेतल्यावानी चाचपल्या आन् म्हणली, "मीठ कमी टाकलं असंल तर बघ." आन् "येते" म्हणून गेली. भाकर माझी तेवढ्यात करपली. तीच भाकर मी दुपारी खाल्ली.

नंतर सैपाकघर तेच, चुली त्याच. ओंडका मी चुलीत घातला न्हाई, कोपऱ्यात उभा करून ठिवला, मावशी म्हणायची वाळून खडखडीत झाला, जाळ आता. पहिल्या पहिल्यानं तिची खबर सुमनकडून यायची, चांगली शिकती म्हणून, तिथल्या बोर्डिंगात नुसत्या पोळ्या देत्यात म्हणून. मंग सुमनचं लगीन झालं, ती गेली. मंग मावशी गेली, वरच. मी त्याच सैपाकघरात म्हातारी झाले. पोरी येत ऱ्हायल्या, जात ऱ्हायल्या. बाहेरदेशचं पुन्हा कुणी आलं न्हाई, ते भाऊसाहेबांच्या मागं बंदच पडलं.

आता मी भावाच्या घरी ऱ्हाते. भावजय गेली. तिच्या सुनेला मी आल्या दिवशीच सांगितलं, मला बसवायचं न्हाई, भांडी माझ्याकडं. सून शहाणी हाय, भांडी घासताना मी चुकले की वरडती माझ्यावर. हे सगळं मी बोलती आन् तीच लिहून घेती. तिची पोरगी पल्लवी औंदा जर्मनीला गेली. तिथंबी तेच, आधी वर्षभर तयारी, इम्तिहान, मंग खरं कॉलेज. सारा गाव केजच्या स्टँडापोतर तिला पोचवाया गेला, हार, फोटो. मी गेले न्हाई. पोरगी रुसली माझ्यावर. मी तिला फडक्यात भाकरी बांधून दिल्या, तिच्या मायनं गुपचूप काढून ठिवल्या, इमानात वास येईल म्हणून.

परवा तिचा फोन आला, तोंड दिसणारा. पाठीमागं पांढरी भिंत. म्हणली, "आजी, इथं सगळे लई चांगले हाईत. हसत्यात, दार उघडून धरत्यात." मी इचारलं, "कुणी रागावतं का तुला?" "न्हाई गं, कोण रागावणार?" असं म्हणली आन् गप झाली.   मी म्हणलं, "कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन बस. काम माग. बोलले तर बोलू दे." तिनं मान हलवली. तिथं चुली न्हाईत, हे मला म्हाईत हाय.

टीव्हीत कधी कधी सुदानचं दाखवत्यात. तिकडं लढाई चालली हाय म्हणं. डोक्यावर बोचकी घिऊन बाया चालत असत्यात, लांब वस्त्रं, गालावर रेघा. सून चॅनल बदलाया गेली की मी म्हणती, राहू दे. प्रत्येक म्हातारीचं तोंड बघती. आता तीबी माझ्याएवढीच असंल. पण उंटीण त्यात दिसत न्हाई, आन् दिसली तरी मला ओळखू येईल का, ते देवाला ठाऊक.

रातच्याला टोपलं रिकामं ठिवू न्हाई, अशी आमच्याकडं रीत हाय. एक भाकर घरच्या माणसासाठी ऱ्हाऊ द्यायची, कोण कधी येईल सांगता येत न्हाई. मी अजून ठिवती. सकाळपोतर ती वाळून कडक हुती. ताकात कुस्करते, मीठ घालते, आन् मीच खाते.